खेपवाले हेमूभाऊ

तापीकाठच्या प्रकाशा गावी बसमधून उतरल्यावर प्रिस्किला थोडा वेळ रसाच्या गाड्याशी उगीच उभी राहिली. रस प्यायचा नव्हता. दोधूआप्पांचं घर तिथून पाच मिनिटांवर होतं, आणि ती पाच मिनिटं तिला जरा लांबवायची होती.

आप्पांचे चिरंजीव हेमकांत, सगळ्यांचे हेमूभाऊ, मार्गशीर्षात गेले. वय त्रेचाळीस. मळ्यात पपईची गाडी भरून घेत होते. छातीत कळ आली म्हणून बांधावर बसले, "जरा पानी द्या रे" म्हणाले, आणि नंदुरबारच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. पेपरात छोटी बातमी आली, 'प्रगतिशील शेतकऱ्याचे निधन'. ते खोटं नव्हतं. पण खांडबाऱ्यापासून अक्कलकुव्यापर्यंत जी दहा-पंधरा माणसं उसन्या कॅमेऱ्यावर आपापल्या बोलीत सिनेमे करत होती, ती त्या दिवशी एकमेकांना फोन करून नुसतीच गप्प राहत होती, हे पेपरवाल्याला कोण सांगणार?

प्रिस्किला त्यातलीच एक. खांडबाऱ्याच्या पलीकडे डोंगरात तिचा पाडा. आई हिराबाई आणि वडील सुकराम दर दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला जात. तिचा नवा सिनेमा त्याचाच होता. ऊसतोडीला सगळा पाडा निघून जातो आणि मागे दोन म्हाताऱ्या उरतात, त्यांची गोष्ट. मावची बोलीतला. चित्रण भाऊ असतानाच झालं होतं. ते गेल्यावर प्रिस्किलाला वाटलं, आता हे इथंच राहिलं. तेव्हा त्यांच्या बायकोचा, चारुलतावहिनींचा, त्यांच्या अहिराणीत निरोप आला होता. "मळा मी देखस, सिनेमा तू देख. थांबू नको."

आज ती आप्पांना पहिल्या खेळाचं बोलावणं द्यायला आली होती. काम एवढंच. पण शेवटच्या फोनवर भाऊ म्हणाले होते, "ह्या खेपले आप्पाले आनसूच. देखजो तू." त्यानंतर चार दिवसांनी ते गेले. राहिलेलं काम आपोआप तिच्याकडे आलं.

दोधूआप्पा ओसरीत खाटेवर बसले होते. मूळचा धिप्पाड माणूस, तीन महिन्यांत खांद्यातून उतरलेला.

"या, सिनेमावाली बाई," ते म्हणाले. "बठा."

तिनं सांगितलं. होळीच्या आठवड्यात, पाडा भरलेला असतो तेव्हा, दुपारी खेळ आहे. तुम्ही यायचं.

"मी कसाले? मन्हा आंडोर जित्ता व्हता तवय मी उनू नही. आते कोनले देखाले येऊ?"

"भाऊंची इच्छा होती, आप्पा."

आप्पांनी अंगणातल्या पपईच्या रिकाम्या क्रेटांकडे पाहिलं. मग म्हणाले, "त्यानं नाव ऱ्हाई का पडदावर? मोठला अक्षरस्मा?"

प्रिस्किलानं नकारार्थी मान हलवली.

"शाळाना पंखावर मन्हं नाव शे. घाटवरना बाकडावर मन्हा बापनं नाव शे. मन्हा आंडोरनं नाव कथाच नही. सातबारावर व्हतं, ते बी तलाठीनी मागला हप्ताले कमी करं." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "नाव दिसनं ते मी येसू. नही ते नही."

"त्यांनी माझ्याकडून शब्द घेतलाय, आप्पा. नाव टाकायचं नाही म्हणून."

"मरेल मानूसना शब्दले कोन पुसस?"

"मी," प्रिस्किला म्हणाली, आणि तिचं तिलाच वाईट वाटलं.

चहा घेऊन दारात आलेल्या चारुलतावहिनी तशाच उभ्या राहिल्या. चहा प्यायला गेला, पण बोलणं तिथंच थांबलं.

परतीच्या बसमध्ये तापीचा पूल ओलांडताना तिला तोच पंखा आठवत होता. भाऊंनी ती गोष्ट तिला एकदा हसत हसत सांगितली होती. आप्पांनी गावच्या शाळेला दोन पंखे दिले होते. प्रत्येक पात्यावर लाल रंगात आप्पांचं पूर्ण नाव, खाली गाव आणि तालुका. भाऊ तेव्हा सातवीत होते. आप्पा कधी शाळेत आले की हेडमास्तर धावत जाऊन पंखा बंद करायचे, कारण पंखा फिरताना नाव वाचता येत नाही. आप्पा मान वर करून नाव वाचायचे, समाधानानं बसायचे, गप्पा मारायचे. चैत्र-वैशाखाच्या उन्हात साठ पोरं घामानं निथळत आप्पा कधी जातात याची वाट बघायची. "आन् सगळा पोरे मन्हाकडे देखेत," भाऊ म्हणाले होते. "तवय ठरायं. कोनले काही देवानं, पन पंखा चालू ऱ्हावू देवाना."

हे आप्पांना सांगितलं असतं तर वाद तिथंच मिटला असता. पण पोरगा गमावलेल्या माणसाला हे सांगायचं कुठल्या तोंडानं?

भाऊंची आणि तिची ओळख झाली त्याला तीन वर्षं झाली होती. नंदुरबारच्या एका कॉलेजात तिनं मोबाईलवर केलेली दहा मिनिटांची फिल्म दाखवली होती. हिराबाई हांडा घेऊन टेकडी चढते आणि वर पोचल्यावर आधी शेळीला पाणी पाजते, मग स्वतः पिते, एवढंच त्यात होतं. पाहुण्यांच्या स्वागताला पपईची रोपं द्यायची होती, ती घेऊन भाऊ आले होते. रोपं ठेवून जायचं ते दाराशी उभे राहिले आणि शेवटपर्यंत हलले नाहीत. नंतर तिच्याजवळ येऊन म्हणाले, "बोली मले काहीच समजनी नही. पन तुन्ही माय पानी पेनी ना, तवय मले तहान लागनी. नाव काय तुन्हं?"

"प्रिस्किला."

"पिरस... काय?"

"प्रि-स्कि-ला."

"किल्ला?" भाऊ मोठ्यांदा हसले. "मंग तू किल्लेदार. पुढला सिनेमा कवय?"

तेव्हापासून ती किल्लेदार.

पुढल्या सिनेमाची गोष्ट काय, हे त्यांनी कधी विचारलं नाही. पहिला प्रश्न असायचा, "जेवनानी सोय काय शे?" त्यांच्या मळ्यातल्या दगूबाई चित्रणाच्या दिवशी पहाटेच वरण-बट्टीच्या तयारीला लागत, आणि सगळे एका पंगतीत बसत. कॅमेरावाला लखन आधी लग्नांचे व्हिडिओ काढायचा. त्याच्याकडे भिंगांना नीट पेट्यासुद्धा नव्हत्या. भाऊंनी भिंगं मागून घेतली आणि पपई गुंडाळतात तशी एकेक करून जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळली, क्रेटात पेंढा घालून ओळीनं मांडली.

"भाऊ, ही काच आहे," लखन घाबरून म्हणाला.

"पपई बी काचच शे. मन्ही दिल्लीलोंग जास, डाग पडत नही."

आणि खेप. खेपेचा जन्म पहिल्याच दिवशी झाला. प्रत्येक तुकडा चित्रित करण्याआधी कॅमेऱ्यासमोर पाटी धरायची, कितवा सीन, कितवा टेक ते मोठ्यानं सांगायचं आणि पाटीवरची पट्टी खाडकन आपटायची. पुढे जोडणी करणाऱ्याला त्यावरून कळतं. हे काम करायला माणूस नव्हता. भाऊंनी भाच्याची शाळेतली पाटी आणली, तिला क्रेटची एक फळी बिजागरीनं बसवली आणि स्वतःच उभे राहिले.

"सीन एक, टेक पहिला म्हणायचं," प्रिस्किलानं सांगितलं.

"टेक काब्र? टेक म्हंजे टेकनं. आठे कोन टेकाले उना? सगळा ते कामले उनात." त्यांनी क्षणभर विचार केला. मळ्यातून गाडी भरून जाते-येते, बाई विहिरीवरून पाणी आणते, त्या प्रत्येक फेरीला खेप म्हणतात. "खेप म्हन. खेप भरी तवय भरी. नही भरनी ते आखो एक."

नाही भरली तर आणखी एक, असं मग दिवसभर त्यांच्या खणखणीत आवाजात चाललं होतं. "सीन एक, खेप पहिली!" "सीन एक, खेप दुसरी!" त्यानंतर कुणीच टेक म्हटलं नाही. लखन आपल्या वहीत, कॉम्प्युटरवर, सगळीकडे खेपच लिहायला लागला.

नव्या सिनेमात हिराबाईबरोबर शेजारच्या कालीबाई होत्या. एका प्रसंगात दोघींनी नुसतं एकमेकींकडे बघून गप्प बसायचं होतं. कालीबाईंना हिराबाईकडे बघितलं की हसू फुटायचं. चार खेपा झाल्या, आठ झाल्या, बारा झाल्या. अठराव्या खेपेला पाटी धरून भाऊ म्हणाले, "कालीमाय, सतरा खेपास्मा मन्ही पपई दिल्ली जाईसन परत उनी व्हती."

कालीबाईंना अहिराणी कळत नव्हती. पण सूर कळला, आणि त्या अठराव्यांदाही हसल्या.

भाऊंच्या अटी दोनच होत्या. पहिला खेळ जिथं चित्रण झालं त्याच गावात, आणि पडद्यावर त्यांचं नाव कुठंही नाही. "मन्हं नाव टाकं ते पुढला सिनेमाले मी येवाव नही," असं ते दम भरल्यासारखं म्हणायचे. आणखी एक गोष्ट ते करायचे, पण ती अट म्हणून कधी बोलले नाहीत. आजवरच्या चारही सिनेमांच्या पहिल्या खेळाला पुढच्या रांगेत एक खुर्ची रिकामी ठेवायचे आणि तिच्यावर एक पंचा टाकायचे. कुणी बसायला गेलं की म्हणायचे, "आप्पा येवाना शेत." आप्पा कधी येत नसत. खेळ संपला की पंचा घडी करून खिशात.

बोलावणं देऊन आल्यावर आठ दिवस गेले. होळी जवळ आली. प्रिस्किला रोज एकदा ठरवायची की नाव टाकावं, माणूसच नाही तर शब्द कुठला. आणि रोज संध्याकाळी ते मोडायची.

मग पुण्याहून फोन आला. सिनेमाची जोडणी करणारे गृहस्थ केरळातले, मराठी जेमतेम. कामाची माहिती लखनच्या यादीवरून घेत.

"मैडम, सब नाम आ गए. बस खेप सर का पूरा नाम चाहिए."

"कौन?"

"खेप सर. लिस्ट में हर जगह लिखा है, खेप एक, खेप दो. हर शॉट में सबसे पहले वही आते हैं, मूँछवाले. एक सीन में तो अठारह बार आए. इतना काम किया है, उनका नाम तो बनता है."

प्रिस्किला हसायला लागली. मार्गशीर्षानंतर पहिल्यांदा ती इतकी हसली, आणि हसता हसता अंगणात खाली बसली. हिराबाई चुलीपुढून उठून बघायला आली, पोरीला झालं काय. पलीकडून ते गृहस्थ बिचारे 'सॉरी मैडम, सॉरी' म्हणत होते.

"उनका नाम नहीं डालना है," ती शेवटी डोळे पुसत म्हणाली. "पर वो टुकड़े... खेपवाले... आपने फेंके तो नहीं?"

"अभी तो हैं. फ़िल्म में तो कट ही जाते हैं न."

"एक भी मत फेंकना," ती म्हणाली. "सब भेज दो."

भाऊंनी नाव नको म्हटलं होतं. आणखी काही नको असं म्हटलेलं तिला आठवेना. ती पुन्हा पुन्हा आठवून पाहत होती, आपण स्वतःला फसवत तर नाही ना? पण नव्हतंच म्हटलं.

होळीच्या चार दिवस आधी ती पुन्हा प्रकाशाला गेली. या वेळी रसाच्या गाड्याशी थांबली नाही. पिशवीत एक घडी होती. मागच्या सिनेमाच्या खेळानंतर पावसाची सर आली आणि गडबडीत भाऊ खुर्चीवरचा पंचा विसरून गेले होते. हिराबाईनं तो धुऊन, घडी घालून, पेटीत ठेवला होता.

"आप्पा, एक वस्तू द्यायची राहिली होती."

आप्पांनी घडी हातात घेतली, उलगडली. काठ बघितला. कोपऱ्यात निळ्या दोऱ्याचे दोन टाके होते, त्यावर अंगठा फिरवला.

"हाऊ ते मन्हा पंचा शे!" ते ताठ बसले. "सुंदरबाईना हातना टाका शेत ह्या." सुंदरबाई म्हणजे आप्पांची बायको, चार वर्षांपूर्वी वारलेली. "चारुलता! ये चारुलता! देख. मी म्हनू ना, घरमातून मन्हा पंचा कोनी ते लई जास. तुम्ही सगळा मलेच येडा म्हनेत!"

चारुलतावहिनी दारात आल्या आणि पदराआड हसू दाबत उभ्या राहिल्या. त्यांना माहीत होतं.

"तुले कथा सापडना?" आप्पांनी प्रिस्किलाला विचारलं.

तिनं सांगितलं. पुढची रांग. रिकामी खुर्ची. 'आप्पा येवाना शेत.' एवढंच सांगितलं, जास्त काही जोडलं नाही.

आप्पांनी पंचा पुन्हा घडी केला. घडी नीट बसेना, तेव्हा उलगडून परत केली.

"चारी सिनेमाले?" त्यांनी चारुलतावहिनींना विचारलं.

"चारी सिनेमाले," वहिनी म्हणाल्या.

मग आप्पा म्हणाले, "आन् नाव?"

"नाही, आप्पा," प्रिस्किला म्हणाली. "ते नाही जमणार."

आप्पांनी मान हलवली. ती मान हो म्हणाली की नाही, ते तिला कळलं नाही. ती उठली, चपला घातल्या, पायरी उतरली, तेव्हा मागून आवाज आला.

"कितला वाजता शे?"

पाड्यावर ख्रिस्ती मंडळीच्या प्रार्थनेची खोली मोठी होती. तिथं खेळ ठरला. ऊसतोडीहून सगळी माणसं परतली होती, खोली खच्चून भरली. खिडक्यांना भाऊंच्याच गाडीवरच्या ताडपत्र्या बांधून अंधार केला होता. हिराबाईनं दोन चादरी जोडून पडदा शिवला होता. उकडत होतं, म्हणून छताचा जुना पंखा घरघरत होता.

तीन वाजता पपईची गाडी टेकडी चढून आली. चारुलतावहिनी उतरल्या, मग आप्पा. धुतलेलं धोतर, टोपी, खांद्यावर तो पंचा. आत आल्यावर ते पुढच्या रांगेपाशी थांबले. दोन खुर्च्या रिकाम्या होत्या.

"हाई कोनी?"

"तुमची," प्रिस्किला म्हणाली.

"आन् हाई?"

वहिनींसाठी ठेवली होती. प्रिस्किला सांगणार, तेवढ्यात वहिनी बायकांच्या बाजूला हिराबाईजवळ जाऊन बसल्या. आप्पांनी खांद्यावरचा पंचा काढला, शेजारच्या खुर्चीवर टाकला आणि बसले.

लखननं यंत्र चालू केलं. पडदा उजळला. पडद्यावर एक शाळेतली पाटी, क्रेटच्या फळीची पट्टी, पाटीमागे माणूस. नुसती बोटं दिसत होती, पपईच्या चिकानं काळपट झालेली.

"सीन एक, खेप पहिली!"

पट्टी खाडकन वाजली आणि पाटी खाली आली. उन्हानं बारीक केलेले डोळे, मिशी, टोपी मागं सरकलेली. भाऊ कॅमेऱ्याकडे बघून हसले आणि बाजूला झाले.

खोलीत कुणीतरी श्वास घेतल्याचा आवाज झाला. लगेच दुसरी पाटी. "सीन चार, खेप तिसरी!" मग डोळ्यांत धूळ गेलेले भाऊ, बोट पट्टीत चेमटून "आयव!" म्हणणारे भाऊ, तोंडात बट्टीचा घास असताना सीन सांगणारे भाऊ. माणसं हसायला लागली.

आप्पा पुढं वाकले होते. कानामागे हात धरला होता.

"पंखा बंद करा रे," ते म्हणाले. "मले आयकू येत नही."

भिंतीजवळच्या कुणीतरी बटण दाबलं. पंखा मंद होत थांबला. प्रिस्किलानं नकळत वर पाहिलं. पात्यांवर काही लिहिलेलं नव्हतं. खोलीत उकाडा चढायला लागला, पण कुणी हललं नाही. शांततेत तो आवाज आता भिंतींना लागून येत होता. "कालीमाय, सतरा खेपास्मा मन्ही पपई दिल्ली जाईसन परत उनी व्हती." कालीबाई पडद्यावरही हसल्या आणि चटईवरही.

शेवटच्या तुकड्यात भाऊंनी पाटी खाली घेतली, पण बाजूला झाले नाहीत. कॅमेऱ्यामागं उभ्या असलेल्या प्रिस्किलाला म्हणाले, "किल्लेदार, ह्या खेपले भरनं बरं का." मग ते गेले, आणि रिकामं अंगण राहिलं. इथून सिनेमा सुरू व्हायचा होता.

आप्पांनी हात वर केला.

लखननं यंत्र थांबवलं. सगळी खोली आप्पांकडे बघू लागली. आप्पा पडद्याकडेच बघत होते, हात तसाच वर होता, शाळेतल्या मुलासारखा.

"आखो एक खेप," ते म्हणाले.

लखननं प्रिस्किलाकडे पाहिलं. तेवढ्यात मागून, चटईवरून, कालीबाई आपल्या बोलीत लखनवर खेकसल्या, "बघतोस काय? लाव की. सतरा लागल्या तरी लाव."